तिच्या तोंडची माझी बोली

नागपुरात प्रतापनगरच्या मावशीकडे तीन वर्षं राहून मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. हे मावशीमुळे झालं आणि ते मी कधी नाकारलेलं नाही. म्हणूनच हे लिहायला इतका उशीर झाला.

मावशी म्हणजे आईची चुलत बहीण. दोघी भिवापुरात एकाच अंगणात वाढल्या. मावशीचं लग्न नागपुरातल्या शिकलेल्या, नोकरपेशा घरात झालं. तिथं ती शिकली, शिक्षिका झाली आणि पुढं एका खाजगी शाळेत प्राथमिक विभागाची सुपरवायझर. आई गावातच राहिली आणि सातऱ्यावर जाऊ लागली. सातरा म्हणजे व्यापाऱ्याची लाल मिरची जिथं ढिगानं येऊन पडते आणि बाया दिवसभर बसून तिचे देठ खुडतात, ती जागा. आई संध्याकाळी घरी आली की हाताला गोडं तेल चोळून तासभर तशीच बसायची. तोवर आम्ही तिच्याजवळ जायचं नाही, असा नियम होता.

मी बारावी झाले तेव्हा मावशीनं स्वतःच फोन केला. "पोरीला माझ्याकडे पाठव. बी.ए. होऊ दे तिचं. आमच्या शाळेत मराठीची सहायक शिक्षिका लागणारच आहे, तेव्हा मी शब्द टाकीन. बी.एड. काय, नोकरी करता करता होतं." आईनं हे दुसऱ्याच दिवशी सातऱ्यावर सांगून टाकलं. तेव्हापासून मी सुट्टीत गावी गेले की बाया ओरडायच्या, "आल्या वं मॅडम! सरका, सरका. मॅडमले मिरची झोंबंन." आणि आई खाली मान घालून हसत देठ खुडत राहायची. ती नोकरी माझ्याआधी तिला लागलेली होती.

मावशीची अट एकच होती. भाषा.

पहिल्या दिवशी मी पिशवी हातात धरून विचारलं, "मावशी, मले कुठं झोपाचं हाय?"

"पुन्हा म्हण," मावशी म्हणाली.

मला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही. मी तेच मोठ्यानं म्हटलं.

"ऐकू आलं मला. पुन्हा, नीट."

तिसऱ्या खेपेला "मला कुठे झोपायचं आहे" हे वाक्य बाहेर पडलं, तेव्हा तिनं मला माझी खोली दाखवली. पुढची तीन वर्षं असंच चाललं. मावशी पोळी वाढत असायची, माझ्या तोंडून "मले नको" निघायचं आणि तिचा हात ताटावर तसाच थांबायचा. "पुन्हा." काका हिंगण्याच्या एका कारखान्यात मॅनेजर होते, स्वभावानं गमत्ये. ते म्हणायचे, "अगं, आधी पोळी वाढ. व्याकरण काय, गार होत नाही." पण मावशी वाक्य दुरुस्त झाल्यावरच पोळी वाढायची.

मला तेव्हा याचा राग आला नाही, हे खरं सांगते. मी एक वही केली. डाव्या बाजूला आमचं, उजव्या बाजूला त्यांचं. जाऊन राहिली – जाते आहे. काहून – का. माह्या – माझ्या. कॉलेजच्या बसमध्ये मी ती पाठ करायचे. तिसऱ्या वर्षापर्यंत मी इतकी सुधारले की दचकले किंवा फार आनंद झाला तरच घसरायचे. आईशी मात्र फोनवर आमच्याच भाषेत बोलायचे. त्यासाठी गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं जायचे.

मी शेवटच्या वर्षाला असताना मावशीचा मुलगा वर्षभरासाठी फ्रान्सला गेला. शहरातला एक क्लब अशी मुलांची अदलाबदल करायचा. आपलं मूल तिकडच्या घरात राहतं, बदल्यात तिकडचं एक मूल आपल्या घरात राहतं. तशी आमच्याकडे एक मुलगी आली. वय सतरा, उंच, पिंगट केसांची. घर सोडून राहायची तिची ही पहिलीच वेळ होती.

पाहुण्या मुलीला खोलीला लागून बाथरूम हवं, असा क्लबचा नियम होता. तसं बाथरूम माझ्या खोलीला होतं. मुलाच्या खोलीतल्या वस्तू हलायला नकोत म्हणून मावशीनं त्या खोलीला कुलूप घातलं होतं. तेव्हा माझा दिवाण गॅलरीत गेला. गॅलरीला सरकत्या काचा होत्या, त्यामुळे तशी काही अडचण नव्हती.

तिनं आल्या दिवसापासून मावशीला "आई" म्हणावं, असं ठरलं. ती म्हणू लागली. सुरुवातीला ती प्रत्येक गोष्टीला थँक्यू म्हणायची. पाणी दिलं थँक्यू, चादर दिली थँक्यू. मावशीनं तिचे दोन्ही हात धरले आणि इंग्रजीत समजावलं, "घरच्या माणसांना थँक्यू म्हणायचं नसतं बाळा." मी तेव्हा ओट्यापाशी होते. घरच्या माणसांना थँक्यू म्हणायचं नसतं, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

तिचं इंग्रजीही माझ्याइतकंच मोडकं होतं. "आय ॲम हंग्री" म्हणायला ती "आय हॅव हंगर" म्हणायची आणि काका खूश व्हायचे. "वा, काय बोलते! हॅव हंगर. बरोबर आहे, भूक असतेच ना जवळ." मी एकदा पाहुण्यांपुढे इंग्रजीत चुकले होते तेव्हा मावशीनं आत आल्यावर सांगितलं होतं, "येत नसेल तर हसून गप्प बसावं."

पहिल्या आठवड्यात एका दुपारी मी तिच्या बाथरूमच्या दाराबाहेर कपडे घ्यायला उभी होते. आत नळ चालू होता आणि बादली कधीच भरून वाहत होती. मला लगेच कळलं. मीही पहिल्या वर्षी त्याच बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. तेव्हा मावशी बाहेरून ओरडायची, "पाणी वाया जातंय!" आणि मी नळ आणि रडणं दोन्ही बंद करायचे. या वेळी मावशीनं नुसतं विचारलं, "ऑल ओके, बेटा?" मी दार वाजवलं. तिनं उघडलं. नाक लाल झालेलं. काय बोलावं ते मला इंग्रजीत सुचेना, म्हणून मी आपल्या भाषेत म्हटलं, "रडू नको वं. माय आठवली का?"

तिला शब्द कळले नाहीत. पण ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून चांगली दहा मिनिटं रडली. त्या घरात "पुन्हा" न ऐकता पुरं झालेलं माझ्या बोलीतलं ते पहिलं वाक्य असावं.

तिला मराठी शिकवायचं काम मावशीनं माझ्याकडे दिलं. "तुझाही सराव होईल," म्हणाली. मी वहीची उजवी बाजू तिला शिकवायला घेतली. "मला भूक लागली आहे. मला पाणी हवं आहे." ती ते लिहून घ्यायची आणि विसरायची. तिला लक्षात राहायचं ते दुसरंच. भाजी आणायला आम्ही दोघी जायचो तेव्हा मी भाजीवाल्या बाईशी जे बोलायचे ते. गच्चीवर टाकीमागं आईशी बोलायचे ते. ती माझ्याजवळ बसून ऐकायची आणि आई तिकडून विचारायची, "ते गोरी पोट्टी हाय का तुह्याजवळ? का करून राहिली?" मी फोन तिच्याकडे द्यायचे. ती म्हणायची, "माय, मी बसून राहिली." आई तिकडं हसून हसून बेजार. "अवं माय! हे त आपल्यातलीच निंगाली!"

मला भीती वाटायची. मी तिला बजावलं, "आईसमोर, म्हणजे मावशीसमोर, 'मला' म्हणायचं. 'मले' नाही."

"काहून?" तिनं विचारलं.

"ते चुकीचं आहे," मी म्हटलं.

"तू त बोलते."

"मी चुकते."

ती म्हणाली, "तू चुकते तेव्हा चांगली बोलते."

दिवाळीनंतर एके दिवशी जेवताना व्हायचं ते झालंच. मावशीनं तिसऱ्यांदा भात वाढायला घेतला आणि ती दोन्ही हात ताटावर धरून ओरडली, "बस, आई, बस! मले नाई पायजे!"

मी मावशीच्या हाताकडे पाहिलं. हात थांबला. मग मावशी हसायला लागली. इतकी, की चमचा खाली ठेवून तिनं डोळे पुसले. "ऐकलंत का हो? मले नाई पायजे! अगं माझी बाई ती!" तिनं उठून तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. काकांनी तिला तेच वाक्य फोनमध्ये टिपण्यासाठी पुन्हा म्हणायला लावलं. मला वाटलं, आता माझ्याकडे पाहून मावशी काहीतरी म्हणेल. तिनं मला फक्त ताक आणायला सांगितलं.

त्या दिवसापासून घरी कोणी आलं की ती दिवाणखान्यात बोलावली जायची. "बोल ना बाळा, ते काल म्हणालीस ते." तिलाही मजा वाटायची. घराला आपल्यामुळे आनंद होतोय, एवढं तिला कळायचं, आणि परक्या घरात राहणाऱ्या मुलीला आणखी काय हवं असतं?

फेब्रुवारीत क्लबचा मोठा कार्यक्रम झाला. मावशीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका पुढच्या रांगेत होत्या, शाळा चालवणाऱ्या संस्थेचे एक सभासदही होते. निरनिराळ्या घरी राहणारी सहा-सात परदेशी मुलं एकेक करून स्टेजवर गेली. नमस्कार, धन्यवाद, एवढंच बोलून उतरली. आमची गेली, माईक धरला आणि सुरू झाली.

"मले वाटलं होतं, नागपुरात वाघ राह्यते. वाघ नाई दिसला. नागपुरात काका राह्यते. काका सकाळी पेपर वाचून राह्यते, रविवारी दुपारी झोपून राह्यते." सभागृहात हशा. काका उठून हात हलवू लागले. "आई म्हणते जेव. मी म्हणते, पोट भरलं. आई म्हणते, काहून? आता काहून म्हणजे काय, आई! पोट एकच हाय न वं!"

लोक उभे राहिले. मावशीनं जन्मात कधी "काहून" म्हटलेलं नव्हतं, निदान लग्नानंतर तरी. पण ती लाजून लाल झाली होती आणि मान डोलावत होती. मुख्याध्यापिकाबाई टाळ्या वाजवत तिच्याकडे वळून म्हणाल्या, "याला म्हणतात मातीचा गोडवा. कुठे शिकली हो ही?"

"घरातच," मावशी म्हणाली. "आमच्याकडेच शिकली."

मी मावशीच्या मागच्या खुर्चीवर होते. माझं नाव न आल्याचं मला वाईट वाटलं नाही. खरं तर मला रडू येत होतं ते आनंदानं. माझ्या आईचे शब्द, सातऱ्यावरच्या बायांचे शब्द, शहरातली एवढी शिकलेली माणसं उभी राहून ऐकत होती. मुख्याध्यापिकाबाईंनी त्याला गोडवा म्हटलं होतं. त्या टाळ्या त्या भाषेला आहेत असं मी समजले.

माझी सगळी चूक ती एवढीच.

एप्रिलात शाळेत मुलाखत होती. परीक्षा तोंडावर होती, पण जूनपासून जागा भरायची म्हणून शाळेनं आधीच बोलावलं. आम्हा उमेदवारांसमोर तिसरीची मुलं बसवून पाठ घ्यायचा आणि मागं तिघं बसून गुण देणार: मुख्याध्यापिका, संस्थेचे ते सभासद आणि मावशी. विषय मला मावशीनंच आधी सांगून ठेवला होता, समानार्थी शब्द. मी तक्ता केला होता. पाणी – जल – नीर. मावशीनं तो तपासून दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते. "असाच शिकवलास तर प्रश्नच नाही," म्हणाली. आईनं त्या दिवशी सातऱ्यावर सुट्टी घेतली होती.

तक्ता संपला. मुलं जांभया देऊ लागली. आणखी दहा मिनिटं उरली होती. मी त्यांना विचारलं, "तुमच्या आजी-आजोबांकडे एखाद्या वस्तूला वेगळा शब्द आहे का?"

वर्ग एकदम जागा झाला. "मॅडम, माझी आजी बटाट्याला आलू म्हणते." "आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, मॅडम!" "माझे आजोबा टमाटरला भेदरं म्हणतात." मी एकेक शब्द फळ्यावर लिहीत गेले. मुलं बाकांवर उभी राहू लागली. एक मुलगी म्हणाली, "माझी आजी 'मले' म्हणते. पण मम्मी म्हणते, तसं बोलायचं नाही."

"काहून?" मी म्हटलं.

ते माझ्या तोंडून आपोआप निघालं. मुलं खदाखदा हसली. तेव्हा मला ते सुधारता आलं असतं. "का," एवढंच म्हणायचं होतं. तीन वर्षं मी तेच शिकले होते. पण फेब्रुवारीतलं ते सभागृह माझ्या डोळ्यांपुढे आलं, आणि मी खडू उचलून फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: का – काहून. खाली लिहिलं: मला – मले. "हे दोन्ही शब्द चांगले," मी मुलांना सांगितलं. "एक शाळेतला, एक आजीचा." त्या मुलीनं "आजीचा" हे दोनदा म्हणून पाहिलं आणि वहीत उतरवून घेतलं.

घंटा झाली. संस्थेचे सभासद म्हणाले, "मॅडम, आपण मुलांना शिकवत होतात की मुलांकडून शिकत होतात?" मला ते कौतुक वाटलं. मी हसले. "मूळच्या कुठल्या आपण?" त्यांनी विचारलं. मी गावाचं नाव सांगितलं. "तरीच," ते म्हणाले. मी त्यालाही हसले. मुख्याध्यापिकाबाई कागदावर काहीतरी लिहीत होत्या. मावशीनं माझ्याकडे पाहिलं नाही. नात्याचं दिसू नये म्हणून असेल, असं मला वाटलं.

बसमधूनच मी आईला फोन केला आणि म्हटलं, "माय, लय चांगलं झालं."

मावशी संध्याकाळी आली, पातळ बदललं आणि मेथी निवडायला माझ्यासमोर बसली. चार काड्या निवडून झाल्यावर म्हणाली, "हे काय केलंस तू?"

मला खरंच कळलं नाही. "काय केलं?"

"जागा दुसऱ्या मुलीला दिली. मी काही बोलू शकले नाही. बोलायला तू जागाच ठेवली नाहीस. फळ्यावर लिहिलंस? शाळेच्या फळ्यावर?"

"मुलांना आवडलं, मावशी."

"मुलांना काय, काहीही आवडतं. पालक एवढी फी भरतात ते आजीची भाषा शिकवायला? ती सुटावी म्हणूनच भरतात. शेऱ्यात काय लिहिलंय माहीत आहे? भाषेवर ग्रामीण छाप. मी वाचलं तेव्हा मान खाली गेली माझी. तीन वर्षं मी काय केलं मग?"

मेथीची काडी माझ्या हातात होती. मी म्हटलं, "पण ती बोलली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मुख्याध्यापिकाबाईंनीसुद्धा. मातीचा गोडवा म्हणाल्या."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. तिचा राग गेला होता. त्या जागी जी दया आली होती, ती मला रागापेक्षा जड गेली.

"वेडी आहेस का तू? ती परत जाणार आहे. तिच्या तोंडी ते गोड लागतं, कारण ती तिथली नाही. तू तिथलीच आहेस." मग पालेभाजीकडे बघत म्हणाली, "माझ्या सासूनं मला पहिलं वर्षभर पाहुण्यांपुढे बोलू दिलं नव्हतं. मुकी आहे का सून, असं लोक विचारायचे. मी गप्प बसले, शिकले. तुझ्या बाबतीत असं होऊ नये म्हणून मी जीव तोडला. आणि तू टाळ्यांना भुललीस."

मावशी खोटं काही बोलली नव्हती. मला तिच्यावर चिडता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

तेवढ्यात ती मुलगी आली. मावशीनं तिला इंग्रजीत सांगितलं की मला नोकरी मिळाली नाही. तिनं आधी माझ्याकडे आणि मग मावशीकडे पाहिलं. तिच्या कपाळाची शीर उठली. "आई, ताईले काहून नाई घेतलं? ताई सगळ्यांपेक्षा चांगली शिकवते! मले तिनंच शिकवलं! हे बरोबर नाई हाय!"

ती खरंच भांडत होती. आणि मावशी हसली. हात धुऊन तिचा गाल धरला आणि आत काकांना हाक मारली, "अहो, या इकडे, ऐका, कशी भांडते माझ्याशी!" काका फोन घेऊनच आले. "फिरसे बोल, बेटा, फिरसे."

ती एकदा मावशीकडे, एकदा काकांकडे पाहत राहिली. मग गप्प झाली. या घरात आपण काहीही म्हटलं तरी ते गाण्यासारखंच ऐकलं जातं, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं असावं. मी मेथीचं ताट घेऊन उठले.

आईला मी दोन दिवस फोन केला नाही. तिसऱ्या दिवशी तिचाच आला. मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असू दे. मी बायाईले सांगतो, जागा निंगालीच नाई म्हनून." तिनं तसंच सांगितलंही. त्यानंतर सातऱ्यावर मला कोणी मॅडम म्हटलं नाही, आणि त्याबद्दल कोणी काही बोललंही नाही.

परीक्षा संपेपर्यंत मी मावशीकडेच होते. मावशीनं मला कधी काही कमी पडू दिलं नाही. उलट अभ्यासाच्या वेळी दूध आणून ठेवायची. फरक पडला होता तो माझ्यात. ती मुलगी गॅलरीत माझ्या दिवाणावर येऊन बसायची आणि मी पुस्तकातून डोकं वर काढायचे नाही. भाजीला एकटी जायचे. गच्चीवर जाणं मी बंदच केलं होतं. तिचं काही चुकलेलं नव्हतं. तिनं माझ्याकडून जे घेतलं ते प्रेमानं घेतलं, आणि मला त्या घरात मिळालेला मोकळा श्वास तिच्यामुळेच मिळाला होता. हे सगळं मला माहीत होतं. तरी तिच्या तोंडून "मले" आलं की मला कोणीतरी चिमटा काढल्यासारखं व्हायचं.

मे महिन्यातली दुपार होती. कूलरचा आवाज चालू होता. ती माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली आणि हळूच म्हणाली, "ताई, माह्यावर रागावली का तू? माह्याशी काहून नाई बोलून राहिली?"

मी पुस्तक मिटलं.

"माह्यावर नाही," मी म्हटलं. "माझ्यावर."

तिला वाटलं मी थट्टा करते आहे. ती हसली. मी हसले नाही.

"माझ्यावर," मी म्हटलं. "माझ्याशी का बोलत नाहीस. असं म्हणतात. पुन्हा म्हण."

मग शाळेत म्हणतात तसं, एकेक शब्द वेगळा करून तिनं ते वाक्य म्हटलं. त्यानंतर ती माझ्याशी तसंच बोलू लागली. मावशी-काकांपुढे मात्र पूर्वीसारखंच बोलायची, कारण त्यांना तेच हवं असायचं. माझ्याशी बोलताना आधी मनात वाक्य जुळवायची. त्यामुळे आमचं बोलणं फार कमी झालं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती गेली. विमानतळावर क्लबची माणसं होती, हार होते, मावशी ओक्साबोक्शी रडत होती. "हे तुझंच घर आहे, केव्हाही ये." काका फोन धरून होते आणि तिनं त्यांच्यासाठी शेवटचं एकदा काहीतरी म्हणून दाखवलं. सगळे रडता रडता हसले. मग ती माझ्याकडे आली. मी तिची हातातली बॅग तिला दिली.

"ताई," ती म्हणाली, आणि थांबून तिनं वाक्य जुळवलं. "मला तुझी खूप आठवण येईल."

वाक्यात कुठेच चूक नव्हती. मी म्हटलं, "मलाही."